नोटरीच्या शिक्क्याआधी माणसाची हजेरी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पार्टी आली नाही तरी चालेल, आधारची झेरॉक्स आणि सही केलेला कागद पाठवून द्या, संध्याकाळी नोटरी होऊन मिळेल.’ शिवाजीनगर न्यायालयाच्या आसपास, दुय्यम निबंधक कार्यालयांच्या दारात आणि उपनगरांतल्या टायपिंगच्या दुकानांत हे वाक्य आज राजरोस ऐकू येते. ऐकणाऱ्याला ती सोय वाटते. आम्ही दिवाणी दावे आणि दस्तांची कामे करणारी मंडळी आहोत. या सोयीची किंमत पुढे पाच-सात वर्षांनी न्यायालयात कशी मोजावी लागते, हे आम्हाला रोजच्या कामातून ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

नोटरींचे काम १९५२ च्या नोटरी कायद्याने आणि १९५६ च्या नियमांनी बांधलेले आहे. नोटरी म्हणून नेमणूक होण्यासाठी किमान दहा वर्षे वकिली झालेली असावी लागते (महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी सात वर्षे). एवढी अट कशासाठी? तर कायद्याच्या कलम ८ ने नोटरीला दस्ताची अंमलबजावणी पडताळण्याचा, ती प्रमाणित करण्याचा आणि शपथ देण्याचा अधिकार दिला आहे. पडताळायचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. कागदातला मजकूर खरा आहे याची हमी नोटरी देत नाही. ज्याच्या नावाने सही आहे तोच माणूस समोर आला, त्याची ओळख पटली आणि त्याने राजीखुशीने सही केली किंवा ‘ही सही माझीच’ अशी कबुली दिली, एवढीच ग्वाही तो देतो. ही ग्वाही काढून घेतली की मागे उरते ती फक्त शाई.

इथे दोन वेगळी कामे लोक एकत्र करतात. पहिले काम कबुलीचे. करारनामा, नुकसानभरपाईचे बंधपत्र, संमतीपत्र असे दस्त लिहून देणारा नोटरीसमोर येतो आणि दस्त आपणच करून दिल्याचे सांगतो. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या कोणत्याही दस्ताच्या शेवटच्या पानांवर पाहा, ‘दस्तऐवज करून दिल्याचे कबूल करतात’ ही ओळ, त्याखाली पक्षकारांचे फोटो आणि अंगठे, आणि पक्षकारांना व्यक्तिशः ओळखतो असे सांगणारे दोघे जण दिसतील. नोटरीकडची कबुली त्याच जातीची, फक्त सरकारी कॅमेरा तिथे नसतो. दुसरे काम प्रतिज्ञापत्राचे. त्यात आधी शपथ आणि मग सही असा क्रम आहे, आणि दोन्ही नोटरीच्या डोळ्यांदेखत. घरून सही करून आणलेले प्रतिज्ञापत्र नोटरीने परत करायला हवे, किंवा समोर पुन्हा सही घ्यायला हवी. कुलमुखत्यारपत्राचेही (पॉवर ऑफ अॅटर्नी) तसेच. पुराव्याच्या कायद्यात (आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ८४, पूर्वीचे कलम ८५) नोटरी केलेल्या कुलमुखत्यारपत्राच्या बाजूने न्यायालय गृहीतक धरते, म्हणजे ते रीतसर करून दिले आहे असे वेगळ्या पुराव्याशिवाय मानून चालते, पण ते नोटरी‘समोर’ करून दिलेले असले आणि नोटरीने प्रमाणित केलेले असले तरच. दोन्ही अटी पाहिजेत.

आता टेबलावर नेमके काय व्हायला हवे ते सांगतो, म्हणजे वाचकाला आपले काम नीट होते आहे की नाही ते ओळखता येईल.

नोटरीने प्रथम कागद चाळायचा असतो. पाने किती, त्यांवर क्रमांक आहेत का, कुठे रिकामी जागा सोडली आहे का, खाडाखोड असेल तर तिथे छोटी सही आहे का. रकमेची किंवा तारखेची जागा कोरी ठेवलेला दस्त नोटरी करून घेणे म्हणजे समोरच्याच्या हातात कोरा धनादेश देण्यासारखे आहे, आणि कर्जाच्या जामीनपत्रांत, हातउसन्या रकमेच्या करारांत हे हमखास दिसते. मग ओळख. मूळ ओळखपत्र हातात घेऊन फोटो आणि चेहरा ताडून पाहायचा. झेरॉक्सवर ओळख पटत नाही, कारण झेरॉक्स कोणाच्याही खिशात असू शकते. दोन आणखी गोष्टी इथे चुकतात. ओळखपत्रावर ‘सुनीता विठ्ठल’ आणि दस्तात लग्नानंतरचे नाव असेल, तर दोन्ही नावे दस्तात यायला हवीत. आणि ‘मी ओळखतो’ म्हणून सही करणारा वकील पक्षकाराला खरोखर ओळखत असला पाहिजे. शेजारच्या टेबलावरून पेन मागावे तशी ओळखीची सही मागून आणण्याची पद्धत बंद व्हायला हवी.

त्यानंतर दोन-तीन प्रश्न. हा कागद कशाचा आहे, कोणाला देताय, वाचलात का? एवढे विचारायला मिनिटही लागत नाही, पण वयस्कर माणसाच्या बाबतीत हेच मिनिट सगळ्यात मोलाचे. मुलाने सोबत आणलेल्या आईला हक्कसोडपत्र आणि बँकेचा अर्ज यांतला फरक माहीत नसेल, तर नोटरीने मुलाला थोडा वेळ बाहेर बसवून तिच्याशी बोलावे. दस्त इंग्रजीत आणि सही करणाऱ्याला इंग्रजी येत नसेल, तर मजकूर मराठीत वाचून समजावून सांगितल्याचा शेरा हवा आणि समजावणाऱ्याची सही हवी. अंगठा असेल तर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहून, ज्याने नाव लिहिले त्याने ‘दस्तूर’ म्हणून आपले नाव घालावे. जुन्या कारकुनांच्या हातची ही रीत आजही सगळ्यात बिनचूक आहे. आजारी माणसासाठी नोटरी घरी किंवा रुग्णालयात जाऊ शकतो, पण मग ठिकाण दस्तावर आणि रजिस्टरमध्ये खरे लिहावे. कोथरूडच्या घरी केलेल्या सहीखाली ‘शिवाजीनगर, पुणे’ असा तयार छापील शिक्का उमटला, की उलटतपासणीत पहिला वार तिथेच होतो.

सही प्रत्येक पानावर घ्यावी. फक्त शेवटच्या पानावर शिक्का असला तर मधली पाने बदलायला कितीसा वेळ लागतो! प्रत्येक पानावर सही, प्रत्येक पानावर नोटरीचा शिक्का, शेवटी एकूण पानांची संख्या अक्षरी. नोटरीचा शिक्का कसा असावा हेही नियमात ठरलेले आहे: साधा, गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा, त्यात नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव. सही आणि हा शिक्का, दोन्ही असल्याशिवाय कायद्याच्या दृष्टीने नोटरीचे कृत्य घडतच नाही. नोटरीचे मुद्रांक-तिकीट दस्तावर चिकटवल्यावर ते सही किंवा शिक्क्याने छेदायचे असते, म्हणजे ते काढून दुसऱ्या कागदाला लावता येत नाही.

आणि मग रजिस्टर. या पत्रातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. प्रत्येक नोटरीने नमुना १५ मधले नोटरी रजिस्टर ठेवणे बंधनकारक आहे. ते सुटे कागद नसून बांधलेली वही असते. वापरायला काढण्यापूर्वी तिच्या पहिल्या पानावर एकूण पाने किती याचा दाखला नोटरीने सही-तारखेनिशी लिहायचा असतो. आत एका ओळीत अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, दस्त करून देणाऱ्याचे नाव, दस्ताचा थोडक्यात मजकूर, लावलेले तिकीट, घेतलेले शुल्क आणि त्या माणसाची सही. हाच अनुक्रमांक दस्तावर लिहिला जातो. दस्ताची तारीख आणि रजिस्टरची तारीख एकच, क्रमांक एकच, सही त्याच हाताची: कागद आणि वही एकमेकांना असे धरून ठेवतात. मागच्या तारखेची नोटरी करून देणाऱ्याची खरी अडचण इथेच होते, कारण भरलेल्या दोन ओळींच्या मध्ये नवी ओळ घुसवता येत नाही. म्हणून तर काही जण रोज चार-दोन ओळी कोऱ्या ठेवतात. जिल्हा न्यायाधीशांना किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला वर्षातून दोनदापर्यंत ही रजिस्टरे तपासता येतात, आणि मागच्या वर्षीच्या कामाचे विवरणपत्र नोटरीने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारला पाठवायचे असते. तपासणीत कोऱ्या ओळी, पक्षकाराच्या सहीची रिकामी जागा आणि एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेली पाने एवढे जरी पाहिले, तरी निम्मे गैरप्रकार उघडे पडतील.

न्यायालयात काय होते ते सांगायला हवे. समोरचा पक्ष म्हणतो, ‘ही सही माझी नाही, मी त्या दिवशी तिथे गेलोच नव्हतो.’ नोटरीला रजिस्टरसह साक्षीला बोलावतात. त्या क्रमांकाची ओळ उघडली जाते आणि पक्षकाराच्या सहीचा रकाना रिकामा असतो, किंवा त्यात एजंटाची सही असते. नोटरी उलटतपासणीत सांगतो की पक्षकार प्रत्यक्ष आला होता की नाही हे आठवत नाही. कायद्याने दिलेले गृहीतक तिथेच कोसळते, आणि दस्त सिद्ध करण्याचा सगळा भार पुन्हा पक्षकाराच्या डोक्यावर येतो: साक्षीदार शोधा, हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जा. साक्षीदारांपैकी एक वारलेला, दुसरा गाव सोडून गेलेला. म्हणून नोटरीने मागितली नाही तरी वाचकांनी स्वतःहून म्हणावे, ‘साहेब, रजिस्टरमध्ये सही कुठे करू?’

प्रतिज्ञापत्रांबद्दल थोडेसे. अकरावी-अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या दिवसांत शैक्षणिक खंडाची, उत्पन्नाची, नावातल्या फरकाची प्रतिज्ञापत्रे ढिगाने होतात. छापील नमुन्यात नाव भरले की झाले, असा समज आहे. शेवटच्या सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे आणि कोणते इतरांकडून मिळालेल्या माहितीने खरे, हे वेगळे लिहायचे असते. ते नसेल तर न्यायालयात त्याला किंमत नाही. खोट्या प्रतिज्ञापत्राची शिक्षाही हलकी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली न्यायालयीन कामकाजात खोट्या पुराव्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, इतरत्र तीन वर्षांपर्यंत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांकडून न वाचता सह्या घेणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. आणखी एक, सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० आणि २०० रुपयांच्या शुल्काच्या जागी ५०० रुपये आले, तेव्हा या माफीला धक्का लागला नाही. तरीही खिडकीवर ‘पाचशेचा स्टॅम्प आणा’ असे सांगून विद्यार्थ्यांना पिटाळले जाते. साध्या कागदावरचे प्रतिज्ञापत्र अशा कामाला पुरते.

ज्या दस्तांना मुद्रांक लागतो, तिथे तारखांचा क्रम पाहा. मुद्रांक सहीच्या आधी, सहीच्या दिवशी किंवा फार तर लगेचच्या कामकाजाच्या दिवशी घेतलेला हवा. महाराष्ट्रात विकत घेतलेला मुद्रांक सहा महिन्यांत वापरावा लागतो. कपाटातला दोन वर्षांपूर्वीचा मुद्रांक काढून त्यावर आजचा करार लिहिला आणि त्याला नोटरी केली, तर नोटरीने तो दोष धुऊन जात नाही. अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त पुराव्यात घेताच येत नाही, आणि तो मान्य करून घ्यायचा तर कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दंड, चौपटीपर्यंत.

सगळ्यात मोठा गैरसमज नोटरीच्या अधिकाराविषयी आहे, आणि पुण्यात त्याची तीन ठळक उदाहरणे आहेत.

पहिले भाडेकराराचे. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरते’ हे इतके रूढ झाले आहे, की सोसायट्यांच्या कार्यालयांतही तसेच सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून महाग म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते. खर्चाचा हिशेबही लोक करत नाहीत. महिना २० हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला पाव टक्क्याने साडेपाचशेच्या आसपास मुद्रांक (अनामत रकमेवर मिळेल असे मानलेले व्याज धरून थोडे जास्त), आणि महापालिका हद्दीत एक हजार रुपये नोंदणी शुल्क. घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. ती सोडून नोटरीचा कागद घेण्यात बचत कुठे आहे?

दुसरे गुंठ्यांचे. हवेली तालुक्यात एक-दोन गुंठ्यांची ‘नोटरी खरेदी’ वर्षानुवर्षे चालत आली आहे. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याची कलमे १७ आणि ४९ त्याबद्दल स्पष्ट आहेत. दुय्यम निबंधकाकडे जो दस्त नोंदवला जात नाही तो नोटरीकडे ‘होतो’, म्हणून लोक नोटरीकडे जातात. पण नोटरीचा शिक्का मालकी देत नाही, त्याच्या जोरावर सातबाऱ्याला नाव लागत नाही आणि तोच तुकडा चार जणांना विकता येतो. ज्यांनी आयुष्याची कमाई अशा कागदावर लावली, त्यांना कोणीतरी त्या टेबलावरच हे सांगायला हवे होते. वकील असलेल्या नोटरीचे ते कर्तव्यच होते, असे आम्ही मानतो.

तिसरे लग्न-घटस्फोटाचे. नोटरी विवाह अधिकारी नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हे पुन्हा लेखी बजावले आहे. शंभराच्या कागदावर ‘आम्ही विभक्त झालो’ असे लिहून नोटरी केल्याने घटस्फोट होत नाही.

परदेशातल्या मुलांच्या कुलमुखत्यारपत्रांचा विषय पुण्यात घरोघरी आहे. अमेरिकेतला नोटरी वकील असावा लागत नाही. कॅलिफोर्नियात तर प्रमाणपत्राच्या वरच्या चौकटीत छापलेलेच असते, की नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पडताळतो, दस्ताचा खरेपणा वा वैधता नव्हे. पण हजेरीच्या बाबतीत ती पद्धत कडक आहे. सही करणारा समोर आला, ओळखीचा समाधानकारक पुरावा दिला आणि सही आपलीच असल्याचे कबूल केले, असे प्रमाणपत्रात लिहावे लागते. कुठल्या राज्यात, कुठल्या काउंटीत हे घडले तेही लिहावे लागते. कुलमुखत्यारपत्र किंवा मिळकतीचा दस्त असेल तर नोटरीच्या वहीत अंगठ्याचा ठसाही द्यावा लागतो. आपल्याकडे असा ठसा घ्यायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तिथल्या नोटरीनंतर त्या राज्याच्या सचिव कार्यालयाचे अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून दिलेला सरकारी दाखला) घ्यावे. भारतात अपोस्टिलची व्यवस्था जुलै २००५ पासून लागू आहे. कागद पुण्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे. ही मुदत सर्वाधिक वेळा चुकते, म्हणून कुरिअरचे पाकीट जपून ठेवा. जे भारतातच राहतात त्यांची गोष्ट वेगळी. दुय्यम निबंधकासमोर दस्त सादर करण्यासाठीचे कुलमुखत्यारपत्र त्यांना निबंधक किंवा दुय्यम निबंधकाकडूनच प्रमाणित करून घ्यावे लागते, नोटरीचे तिथे चालत नाही. खरेदीच्या दिवशी, सगळे जमल्यावर हे कळणे फार वाईट. आणि पुण्यातल्या नोटरीने व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहून इथल्या कागदावर शिक्का मारणे ही हजेरी नव्हेच.

नोटरीकडे जाताना दाराशी दोन गोष्टी पाहाव्यात. नाव आणि पद लिहिलेली पाटी, आणि कार्यालयाच्या आत-बाहेर लावलेला शुल्काचा फलक. दोन्ही नियमाने सक्तीच्या आहेत. घेतलेल्या पैशांची पावती मागा, ती देणे नोटरीवर बंधनकारक आहे. शिक्क्यातले कार्यक्षेत्र वाचा. व्यवसायाचे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते, ते चालू आहे का विचारा. नोटरींच्या याद्या दरवर्षी जानेवारीत राजपत्रात प्रसिद्ध होतात. नेमणूक नसताना नोटरी म्हणून मिरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गैरवर्तनाची तक्रार नियम १३ खाली नमुना १३ मध्ये, ज्या सरकारने नोटरीला नेमले त्या सरकारकडे करता येते, आणि ते सरकार कोणते हे शिक्क्यावरच लिहिलेले असते. तक्रारीसोबत दस्ताची प्रत, त्यावरचा रजिस्टर क्रमांक व तारीख आणि त्या दिवशी आपण कुठे होतो याचा कागदोपत्री पुरावा (हजेरीपत्रक, प्रवासाचे तिकीट, रुग्णालयाची नोंद) जोडावा. नोटरीचे रजिस्टर लगेच ताब्यात घेऊन तपासावे, अशी स्पष्ट मागणी अर्जात लिहावी, कारण तक्रार झाल्याचे कळल्यावर कोऱ्या ओळी भरायला वेळ लागत नाही.

आपले,
दिवाणी वकिली व दस्तलेखन करणारे काही जण,
शिवाजीनगर, पुणे